माती-कामाच्या अवजड यंत्रांतील गिअरपेटीचे वेग-सेन्सर : दोष कसा शोधावा?

शेततळे खोदणे, नाल्याचे खोलीकरण, बांधबंदिस्ती, तलावातील गाळ काढणे आणि जमिनीचे सपाटीकरण ही कामे आपल्याकडे मुख्यतः उन्हाळ्यातच उरकावी लागतात. रब्बीची पिके निघाल्यापासून मृगाच्या सरी येईपर्यंत जो अवधी मिळतो तो थोडा असतो, आणि एवढ्याच अवधीत गावोगावच्या कामांसाठी यंत्रांची ओढाताण चालू असते. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान, २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे व २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजना शासनाने हाती घेतल्यापासून लोडर, डोझर, ग्रेडर व खोदकामाची यंत्रे शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची झाली आहेत.

अशा दिवसांत यंत्र बंद पडले तर नुकसान उघड दिसते. परंतु यंत्र बंद न पडता एकाच गिअरमध्ये रखडत चालू लागले, तर होणारे नुकसान सहसा लक्षात येत नाही. भाडे तासावर आकारले जाते, तासमापक इंजिनाबरोबर फिरत राहतो, आणि काम मात्र पुढे सरकत नाही. अशा वेळी यंत्राच्या पडद्यावर 'गिअरपेटीच्या वेगाचा दोष' अशा अर्थाचा संकेत उमटलेला असतो. तो पाहून कोणी लगेच नवा सेन्सर आणवितो, तर कोणी गिअरपेटीच उघडावयास काढतो. दोन्ही गोष्टी घाईच्या होत. पडद्यावरील संकेत हा विजेच्या एका संपूर्ण मंडलाविषयी असतो, एखाद्या सुट्या भागाविषयी नव्हे. त्या मंडलात सेन्सर, त्याच्या समोरचे दातेरी चक्र, मधल्या तारा, जोडण्या आणि नियंत्रक हे सर्व येतात. यांपैकी दोष कोठे आहे हे क्रमाने तपासले, तर पुष्कळदा गिअरपेटीला हात न लावता यंत्र कामास लागते.

कोणत्या यंत्रांत हा सेन्सर असतो?

स्वातंत्र्यानंतरच्या काळात डोझर व मोठे ट्रॅक्टर जमीन-सुधारणेच्या कामी येऊ लागले. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांस गवताने व्यापलेल्या पडीक जमिनी अशाच यंत्रांनी लागवडीखाली आणल्या. त्या यंत्रांत गिअर कधी बदलावयाचा हे चालकाचा कान व हात ठरवीत असे. आजच्या पॉवरशिफ्ट गिअरपेटीत हे काम विजेच्या नियंत्रकाकडे असते. चालक केवळ दिशा व वरची मर्यादा निवडतो. आतील क्लच तेलाच्या दाबाने जोडणे व सोडणे नियंत्रक करतो. चाकांच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून धुराविषयीचे अधिक कडक निकष लागू झाले, तेव्हापासून इंजिनाचा कारभारही मोठ्या प्रमाणावर विजेच्या नियंत्रकाकडे गेला आहे.

पॉवरशिफ्ट गिअरपेटी असलेले चाकांचे लोडर, मोटर ग्रेडर, डोझर आणि गावोगावी ज्याला 'जेसीबी' म्हणतात त्या बॅकहो लोडरांपैकी काही प्रकार यांत गिअरपेटीचे वेग-सेन्सर असतात. साध्या शटल गिअरपेटीच्या बॅकहो लोडरात बहुधा ते नसतात किंवा केवळ वेगदर्शकापुरते असतात. साखळीवर चालणाऱ्या पोकलेनमध्ये अशी गिअरपेटीच नसते. तिची चाल तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या मोटारींवर अवलंबून असते. म्हणून पुढील माहिती लागू करण्यापूर्वी आपल्या यंत्राची गिअरपेटी कोणत्या प्रकारची आहे, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

सेन्सरचे कार्य

इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून गिअरपेटीत येते व तेथून मागील-पुढील आसांकडे जाते. आत येणाऱ्या दांड्याचा वेग एक सेन्सर मोजतो. त्याला टर्बाइन-सेन्सर किंवा प्रवेश-सेन्सर म्हणता येईल. बाहेर जाणाऱ्या दांड्याचा वेग दुसरा सेन्सर मोजतो. काही गिअरपेट्यांत मधल्या दांड्यासाठी आणखी एखादा असतो. नियंत्रक या दोन वेगांचे गुणोत्तर सतत काढीत असतो. ते गुणोत्तर लावलेल्या गिअरशी जुळले, म्हणजे क्लच नीट धरला आहे असे तो समजतो. जुळले नाही, तर क्लच घसरत आहे किंवा सेन्सर चुकीचे सांगत आहे असे समजून तो सावध पवित्रा घेतो. गिअर बदलणे थांबवितो, एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो किंवा यंत्र न्यूट्रलमध्ये आणतो.

सेन्सरचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. समोरून लोखंडी दाता गेला की वेटोळ्यात आपोआप अल्पशी वीज निर्माण होते. याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही व यास बहुधा दोन तारा असतात. दांडा जितका वेगाने फिरेल तितका त्याचा दाब वाढतो. अगदी सावकाश फिरताना तो इतका क्षीण असतो की नियंत्रकास तो दिसतही नाही. दुसरा प्रकार हॉल-सेन्सरचा. त्याला नियंत्रकाकडून वीज पुरविली जाते व त्यास बहुधा तीन तारा असतात : एक पुरवठ्याची, एक परतीची व एक संकेताची. याचा संकेत वेग कमी असला तरी पूर्ण जोराचा असतो. परंतु दोन तारांचे हॉल-सेन्सरही वापरात आहेत, म्हणून केवळ तारा मोजून प्रकार ठरवू नये. प्रकार चुकला तर पुढची सर्व मोजमापे चुकतात.

दोषाची लक्षणे

सेन्सरच्या मंडलात बिघाड झाला असता सामान्यतः पुढील लक्षणे दिसतात :

१) यंत्र एका गिअरच्या वर जात नाही किंवा मध्येच न्यूट्रलमध्ये येते.
२) गिअर बदलताना पूर्वी न बसणारा झटका बसतो.
३) वेगदर्शकाचा काटा शून्यावर राहतो किंवा थरथरतो.
४) यंत्र उभे असतानाही पडद्यावर काही वेग दिसतो.
५) सकाळी यंत्र नीट चालते व दुपारी तापल्यावर अडते.

यांपैकी प्रत्येक लक्षण कारणाची दिशा दाखविते. सावकाश चालताना वेग नाहीसा होऊन जोरात चालताना परत येत असेल, तर सेन्सर व दाते यांमधील अंतर वाढले असावे किंवा टोकावर लोखंडी कीस जमला असावा. खड्ड्यातून जाताना वेग तुटत असेल, तर जोडणी किंवा तार सैल असावी. उभ्या यंत्रावर वेग दिसत असेल, तर सेन्सरच्या तारा डायनॅमोच्या किंवा स्टार्टरच्या जाड तारेला लागून गेल्या आहेत काय, अथवा त्यांच्यावरील संरक्षक जाळीची जोडणी तुटली आहे काय, ते पाहावे. तापल्यावरच दोष येत असेल, तर वेटोळ्याची आतील तार उष्णतेने सुटत असण्याचा संभव असतो. असा सेन्सर थंड असताना तपासला तर निर्दोषच दिसेल. म्हणून चालकाने 'यंत्र चालत नाही' एवढेच न सांगता ते केव्हा, कोठे व कसे अडले, हे मिस्त्रीस सांगावे. या माहितीने अर्धे निदान होते.

तपासणीपूर्वी घ्यावयाची दक्षता

यंत्र सपाट जागेवर उभे करावे. बादली जमिनीवर टेकवावी, हातब्रेक लावावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ओटी लावावी आणि किल्ली काढून जवळ ठेवावी. मधोमध वळणाऱ्या लोडरच्या सांध्यास सुरक्षा-दांडा अडकविल्याखेरीज त्या सांध्याजवळ कोणीही जाऊ नये. इंजिन चालू असताना यंत्राखाली शिरणे हे कोणत्याही कारणास्तव क्षम्य नाही. चालत्या यंत्राचे मोजमाप करावयाचे असेल, तर मीटरच्या लांब तारा केबिनपर्यंत आणून तेथूनच वाचन करावे. कामावरून आलेल्या गिअरपेटीतील तेल कातडी भाजण्याइतके तापलेले असते आणि काही यंत्रांत सेन्सर काढताच ते भोकातून बाहेर येते. म्हणून गिअरपेटी निवू द्यावी आणि खाली भांडे ठेवावे.

पहिली पायरी : डोळ्यांनी पाहणी

मीटर हातात घेण्यापूर्वी स्वच्छ फडके व ब्रश घ्यावा. काळ्या जमिनीचा चिखल वाळला म्हणजे दगडासारखा घट्ट होतो व तारांना ओढून धरतो. मुरमाची बारीक धूळ जोडणीत शिरते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने यंत्र धुतल्यास तीच धूळ ओली होऊन पितळी पिनांवर हिरवा गंज चढतो. पावसाळ्यात यंत्र शेडमध्ये उभे राहिले की उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. या साध्या कारणांचा शोध आधी घ्यावा.

जोडणी उघडून पिना वाकल्या आहेत काय, मागे सरकल्या आहेत काय, आत पाणी किंवा तेल आहे काय, हे पाहावे. तारा संपूर्ण लांबीभर हाताने चाचपाव्यात. विशेषतः जेथे त्या सांध्यापाशी वाकतात, जेथे पत्र्याच्या कडेवरून जातात आणि जेथे पूर्वी कोणी पिळा देऊन चिकटपट्टी गुंडाळली आहे, तेथे अधिक लक्ष द्यावे. तारेच्या आवरणात सुई टोचून वीज पाहण्याची सवय वाईट आहे. त्या छिद्रातून पाणी शिरते व काही महिन्यांनी तार आतून कुजते.

यंत्रावर अलीकडे वेल्डिंग झाले आहे काय, ही चौकशी अवश्य करावी. बादलीचे दात किंवा तुटलेला कंस जागेवरच सांधताना बॅटरीच्या तारा न सोडल्यास आणि वेल्डिंगची परतीची तार कामाच्या जागेपासून दूर लावल्यास, वेल्डिंगचा प्रवाह नाजूक मंडलातून वाट काढतो. त्यामुळे सेन्सर व नियंत्रक दोन्ही निकामी होऊ शकतात.

दुसरी पायरी : संकेतांकाचा अर्थ

पुष्कळ अवजड यंत्रांत जे-१९३९ या मानक पद्धतीचे संकेतांक वापरतात. त्यात एसपीएन १६१ म्हणजे गिअरपेटीत येणाऱ्या दांड्याचा वेग व एसपीएन १९१ म्हणजे बाहेर जाणाऱ्या दांड्याचा वेग. त्यापुढे एफएमआय हा दुसरा आकडा असतो व तोच दोषाचा प्रकार सांगतो :

एफएमआय २ – संकेत अधूनमधून येतो किंवा विसंगत आहे.
एफएमआय ३ – विजेचा दाब प्रमाणापेक्षा जास्त. तार पुरवठ्याच्या तारेस चिकटली असण्याचा संभव.
एफएमआय ४ – दाब प्रमाणापेक्षा कमी. तार यंत्राच्या सांगाड्यास लागली असण्याचा संभव.
एफएमआय ५ – प्रवाह फार कमी. मंडल कोठे तरी तुटले आहे.
एफएमआय ६ – प्रवाह फार जास्त. मंडल सांगाड्याशी जोडले गेले आहे.
एफएमआय ८ – स्पंदनांची संख्या किंवा रुंदी योग्य नाही.

३, ४, ५ व ६ हे आकडे बहुधा तारा व जोडण्यांकडे बोट दाखवितात. २ व ८ हे आकडे आले तर अंतर, कीस, दातेरी चक्र व सैल जोडणी यांचा विचार करावा. काही कारखान्यांची स्वतःची वेगळी संकेतपद्धती असते. तेव्हा पुस्तिका पाहणे श्रेयस्कर. संकेतांक पुसून टाकण्यापूर्वी ते सर्व, त्यांच्यापुढील वेळा व तासमापकावरील आकडा यांसह कागदावर उतरून घ्यावेत. एकाच वेळी अनेक सेन्सरांचे दोष दिसत असतील, तर सर्व सेन्सर एकदम बिघडले असे न मानता त्यांचा सामायिक पुरवठा, परतीची तार अथवा फ्यूज पाहावा.

तिसरी पायरी : मीटरने तपासणी

वेटोळ्याच्या सेन्सरची जोडणी सोडून दोन पिनांमधील रोध मोजावा व तो पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. मीटर अनंत दाखवील तर वेटोळे तुटले आहे. शून्याजवळ दाखवील तर ते आतल्या आत जुळले आहे. पिन व सेन्सरचे धातूचे अंग यांमध्ये मार्ग असता कामा नये. तांब्याच्या तारेचा रोध उष्णतेने वाढतो, हेही ध्यानी ठेवावे. २० अंश सेल्सिअसला १,००० ओहम दाखविणारे वेटोळे ८० अंशाला सुमारे १,२४० ओहम दाखवील. हा दोष नव्हे.

त्यानंतर मीटर प्रत्यावर्ती विजेच्या म्हणजे एसीच्या मापावर ठेवून, दांडा फिरत असताना दाब वाढतो की नाही ते पाहावे. वेग वाढूनही दाब वाढत नसेल, तर चुंबक क्षीण झाला आहे किंवा अंतर फार आहे.

हॉल-सेन्सरचा रोध मोजू नये; त्यातून निष्कर्ष निघत नाही आणि आतील नाजूक भागास इजाही पोहोचू शकते. किल्ली चालू करून जोडणीपाशी पुरवठ्याचा दाब येतो काय, हे प्रथम मोजावे. तो यंत्रपरत्वे निराळा असतो. पुरवठा नसेल तर सेन्सर बदलून काहीच साधणार नाही. पुरवठा ठीक असेल, तर दांडा सावकाश फिरविताना संकेताची तार कधी उंच, कधी नीच दाब दाखविते की नाही ते पाहावे.

तारांची तपासणी करताना बॅटरी तोडावी आणि सेन्सर व नियंत्रक या दोन्ही टोकांच्या जोडण्या सोडाव्यात. प्रत्येक तारेचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध अत्यल्प असावा. दोन तारांमध्ये, तसेच तार व सांगाडा यांमध्ये मार्ग नसावा. परंतु तारेतील सर्व पदर तुटून एकच शिल्लक असला, तरी मीटर ती तार चांगलीच दाखवितो. म्हणून मीटर लावलेला ठेवून तार इंचाइंचाने हलवावी. आकडा जेथे उडी मारील तेथे दोष आहे.

प्रवेश-सेन्सर व निर्गम-सेन्सर हे एकाच क्रमांकाचे असतील, तर आणखी एक बिनखर्चाची कसोटी आहे. दोघांची अदलाबदल करावी. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या जागी गेला, तर सेन्सरच वाईट. दोष जागीच राहिला, तर तारा, दातेरी चक्र अथवा नियंत्रक यांकडे वळावे.

चौथी पायरी : सेन्सरचे टोक व अंतर

काढलेल्या सेन्सरचे टोक नीट पाहावे. टोकावर चुंबकामुळे बारीक काळी भुकटी मलमासारखी जमलेली असते. ती थोडी असल्यास स्वाभाविक आहे, पुसून टाकावी. परंतु चकाकणाऱ्या चिपा, कपच्या किंवा सुईसारखे तुकडे आढळले, तर गिअर किंवा बेअरिंग झिजत आहे. अशा वेळी नवा सेन्सर बसवून यंत्र कामावर धाडणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय. तेल व फिल्टर तपासून जाणत्या यांत्रिकाचा सल्ला घ्यावा. टोकावर घासल्याच्या खुणा असतील, तर दातेरी चक्र डगमगत आहे किंवा सेन्सर प्रमाणाबाहेर आत गेला होता, असे समजावे.

सेन्सर व दाता यांमधील अंतर अगदी थोडे, बहुधा मिलिमीटरच्या आसपास असते. नेमके माप पुस्तिकेतूनच घ्यावे. आट्यांच्या सेन्सरच्या बाबतीत भोकातून पाहून दात्याचा माथा समोर आणावा, सेन्सर हाताने हलकेच टेकेपर्यंत फिरवावा आणि पुस्तिकेत सांगितले असेल तितका फेरा मागे घेऊन नट आवळावा. माथ्याऐवजी दोन दात्यांमधील खाच समोर असताना सेन्सर टेकविला, तर दांडा फिरताच पहिल्याच दात्याने सेन्सरचे टोक मोडते. नवा सेन्सर बसवूनही तो लगेच गेला, अशा तक्रारीच्या मुळाशी ही चूक असू शकते.

सेन्सर खोटे बोलतो की क्लच घसरतो?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. दोन्ही प्रसंगी नियंत्रकाला गुणोत्तर चुकलेलेच दिसते; परंतु एका दुरुस्तीस थोडा खर्च येतो व दुसरीस मोठा. याचा निर्णय टेप व घड्याळ यांनीही करता येतो. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्षात आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडे घ्यावेत.

समजा, एका लोडरच्या दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २ आहे. आत येणारा दांडा मिनिटास १,५०० फेरे घेत असेल, तर बाहेर जाणाऱ्या दांड्याने ७५० फेरे घेतले पाहिजेत. निर्गम-चक्रास ४८ दाते असतील, तर ४८ गुणिले ७५० भागिले ६० म्हणजे सेकंदास ६०० स्पंदने नियंत्रकाकडे जावयास हवीत. पण पडद्यावर ७५० ऐवजी ६०० फेरे दिसतात, म्हणजे गुणोत्तर २ ऐवजी २.५ येते. आता दोनच शक्यता उरतात : क्लच खरोखरच घसरत आहे, किंवा दर पाच स्पंदनांपैकी एक सेन्सरकडून गळत आहे.

आसांतील एकूण घट २० पट व चाकाच्या एका फेऱ्यात यंत्र ४ मीटर पुढे जात असेल, तर ७५० फेऱ्यांना चाक मिनिटास साडेसदतीस फेरे घेईल व यंत्र १५० मीटर जाईल. म्हणजे १०० मीटर अंतरास ४० सेकंद लागतील. बाहेरचा दांडा खरोखर ६०० फेरेच घेत असेल, तर तेच अंतर कापण्यास ५० सेकंद लागतील. मोकळ्या, सपाट, कोरड्या जागी १०० मीटर अंतर टेपने मोजून दोन खुंट्या रोवाव्यात. यंत्र रिकामे असावे, ते खुंटीपूर्वीच वेगात आलेले असावे आणि आत येणाऱ्या दांड्याचा वेग १,५०० वर स्थिर राहावा. ४० सेकंदांच्या जवळपास वेळ लागला, तर क्लच निर्दोष असून निर्गम-सेन्सरच चुकीचे सांगत आहे. ५० सेकंद लागले, तर सेन्सर खरे बोलत आहे व दोष क्लचचा किंवा तेलाच्या दाबाचा आहे. ही चाचणी तीन-चार वेळा, जाताना व येताना घ्यावी. प्रवेश-सेन्सरवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याचा आकडा इंजिनाच्या वेगाशी ताडून पाहावा. भार नसताना सपाटीवर तो इंजिनाच्या वेगाहून थोडा कमी असावा.

क्लच घसरत असेल तर आणखीही लक्षणे सोबत असतात. बादली ढिगाऱ्यात घुसविताना इंजिन आवाज करते पण यंत्र रेटा देत नाही, गिअरपेटीचे तेल लवकर तापते व त्यास करपट वास येतो. केवळ सेन्सरचा दोष असता यंत्राचा रेटा कमी होत नाही.

सेन्सरला बगल देऊ नये

हंगामाच्या घाईत तार जोडून किंवा सेन्सर काढून ठेवून काम चालविण्याचा मोह होतो. तो टाळावा. यंत्र जोरात पुढे जात असताना चालकाने मागचा गिअर टाकला, तर क्लच वाचविण्यासाठी नियंत्रक या वेग-संकेतावरच विसंबतो. उतारावर खालचा गिअर अवेळी पडू नये ही काळजीही त्याच संकेतावर घेतली जाते. तलावाच्या उतरत्या काठावर भरल्या बादलीनिशी काम करणाऱ्या लोडरमध्ये हे संरक्षण गेले, तर यंत्रापेक्षा माणसाला धोका अधिक. सावध पवित्र्यातील यंत्र सपाटीवर दुरुस्तीच्या जागेपर्यंत सावकाश आणण्यापुरतेच वापरावे. त्याच्याकडून काम करवून घेऊ नये.

नवा सेन्सर बसविताना

भाग-क्रमांक पुस्तिकेवरून पडताळून घ्यावा. बाहेरून सारखे दिसणारे सेन्सर आतून भिन्न असू शकतात. बसविण्याची जागा पुसून रबरी कडी नवीन घालावी व तिला तेलाचा हात लावावा. सेन्सर ठोकून बसवू नये. तारा मूळच्या मार्गानेच न्याव्यात, पट्ट्यांनी बांधाव्यात आणि सांध्यापाशी वळण्यापुरता ढिलेपणा ठेवावा. शेवटी तेलाची पातळी पाहून, संकेतांक पुसून यंत्र तापेपर्यंत सर्व गिअरांत चालवून पाहावे. थंड यंत्रावर दहा मिनिटांची चाचणी पुरेशी नव्हे.

नित्याची निगा

पावसाळ्यापूर्वी यंत्र ठेवताना जोडण्या कोरड्या करून बंद कराव्यात. शेडमध्ये उंदरांचा बंदोबस्त करावा आणि तारांजवळ चारा, पोती वा धान्य ठेवू नये. यंत्र धुताना फवारा जोडण्यांवर धरू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरी तोडावी, नियंत्रकांविषयी पुस्तिकेतील सूचना पाळावी आणि परतीची तार सांध्याच्या अगदी जवळ लावावी. दर हंगामाच्या आरंभी सेन्सरांचा रोध किंवा पुरवठ्याचा दाब, तसेच प्रत्येक गिअरमध्ये १०० मीटरला लागणारा वेळ वहीत टिपून ठेवावा. यंत्र निरोगी असताना घेतलेले हे आकडे ते आजारी पडल्यावर फार उपयोगी पडतात.

अवजारे बँका, शेतकरी गट व यंत्रे भाड्याने देणारे यांनी निदान एक मल्टिमीटर व यंत्राची दुरुस्ती-पुस्तिका जवळ ठेवावी. मोठ्या दुरुस्तीच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे. यंत्र भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्यानेही काम सुरू होताच यंत्र सर्व गिअरांत चालते काय व पडद्यावर दोषाचा दिवा तर लागलेला नाही ना, हे पाहावे. यंत्र रखडत असेल तर तासमापकावरील आकडा तेथेच टिपून मालकास कळवावे, म्हणजे पुढे हिशेबात वाद राहणार नाही. मृगाची तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून पाहणी, संकेतांक, मीटर, अंतर व चाचणी हा क्रम न सोडता दोष शोधावा, आणि गिअरपेटी उघडण्याचा निर्णय या पाचही पायऱ्या झाल्यावरच घ्यावा.